पवित्र शास्त्र लक्षपूर्वक कसे वाचावे: स्वतःसाठी आणि घरच्यांसोबत

बायबल रोज उघडणारे पुष्कळ जण असतात, पण सकाळी वाचलेला अध्याय दुपारी आठवतो का असे विचारले तर बरेच जण अडखळतात. बहुतेक वेळा श्रद्धा पक्की असते, वाचण्याची पद्धत तेवढी चुकलेली असते. एका बैठकीत फार जास्त वाचले जाते, तेही एकदाच. शिवाय वचनात काय लिहिले आहे ते नीट पाहण्याआधीच ‘यातून मला काय मिळाले?’ याचा शोध सुरू होतो. पुढची सगळी पद्धत हा क्रम सरळ करण्यासाठी आहे: आधी पाहायचे, मग समजून घ्यायचे, मग देवाशी बोलायचे आणि शेवटी काय करायचे ते ठरवायचे.

कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करावी

प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके. वर्षभरात सगळे वाचायचे तर रोज तीन-चार अध्याय होतात. असे धावते वाचन जरूर करावे, कारण संपूर्ण शास्त्राचा आवाका त्यानेच कळतो. मात्र लक्षपूर्वक वाचन हे वेगळे काम आहे आणि त्याला वेगळी वेळ लागते. दोन्ही एकाच बैठकीत उरकायला गेले की दोन्ही अर्धवट राहतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे. त्यात १६ अध्याय आहेत आणि घटना छोट्या असल्यामुळे एका वेळी एक प्रसंग सहज पुरतो. आधी एका निवांत दिवशी पूर्ण मार्क सलग मोठ्याने वाचून काढा. साधारण दीड तास लागतो. मग दुसऱ्या दिवसापासून रोज १० ते १५ वचने घ्या. या गतीने मार्क दोन महिन्यांत होतो.

उत्पत्तीपासून सरळ वाचत निघालेले अनेक जण निर्गमाच्या उत्तरार्धात थांबतात. २५ ते ३१ या अध्यायांत निवासमंडपाच्या (उपासनेच्या पवित्र तंबूच्या) बांधणीच्या सूचना आहेत, ३५ ते ४० मध्ये त्याच गोष्टी प्रत्यक्ष बनवल्याचे वर्णन आहे आणि लगेच पुढे लेवीय येते. हे भाग मोलाचे आहेत, पण एकट्या नवख्या वाचकाला जड जातात. लेवीय १६ वाचून त्यासोबत इब्री लोकांस पत्राचे ९ आणि १० हे अध्याय वाचले तर प्रायश्चित्ताच्या दिवसाचा अर्थ उघडू लागतो. मार्कनंतर फिलिप्पैकरांस पत्र आणि रूथ घ्यावे. दोन्ही चारच अध्यायांची आहेत. त्यानंतर लूक आणि प्रेषितांची कृत्ये सलग वाचावीत.

ज्या मंडळीत रविवारची वाचने आधीच ठरलेली असतात, तिथल्या कुटुंबांनी त्या रविवारचे शुभवर्तमान शुक्रवारी-शनिवारी घरी वाचून ठेवावे. उपासनेत तोच उतारा पुन्हा कानावर पडतो तेव्हा उपदेश जास्त खोल जातो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. अध्यायांचे आकडे मूळ लेखकांचे नाहीत. आजची अध्यायरचना १३व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मपंडिताच्या कामातून रूढ झाली आणि नव्या कराराचे आजचे वचनांक १५५१ साली रॉबर्ट एतिएन या फ्रेंच मुद्रकाच्या ग्रीक आवृत्तीत आले. त्यामुळे अध्याय संपला म्हणजे विषय संपला असे धरू नये. यशयातील दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत ५३व्या अध्यायात आहे असे आपण म्हणतो, पण ते ५२:१३ (अध्याय ५२, वचन १३) पासून सुरू होते. करिंथकरांस पहिल्या पत्रातले ११:१ हे वचन १०व्या अध्यायाचा शेवट आहे. म्हणून उतारा निवडताना परिच्छेद पाहावा, आकडा नाही.

एकट्याची बैठक: २५ मिनिटे

छापील बायबल, वही आणि पेन्सिल एवढे पुरते. मोबाइलवर वाचायचेच असेल तर आधी इंटरनेट बंद करा. तरी छापील प्रत बरी, कारण उताऱ्याच्या मागचे-पुढचे पान डोळ्यासमोर राहते. जागा आणि वेळ शक्यतो रोज तीच असावी.

सुरुवातीची दोन मिनिटे काही न वाचता शांत बसा आणि छोटी प्रार्थना करा. स्तोत्र ११९:१८ मधली विनंती त्यासाठी अगदी योग्य आहे: देवा, तुझ्या नियमशास्त्रातल्या अद्भुत गोष्टी दिसाव्यात म्हणून माझे डोळे उघड.

मग उतारा तीनदा वाचा. पहिल्यांदा मोठ्याने, सावकाश. मनातल्या मनात वाचताना ओळखीच्या ओळींवरून नजर घसरते, आवाज काढून वाचताना ते कमी होते. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन वाचा: कोण कोण आहेत, कुठे आहेत, क्रियापदे कोणती, कोणता शब्द पुन्हा येतो, ‘पण’, ‘म्हणून’, ‘तेव्हा’ कुठे आहेत. तिसऱ्या वेळी आधीचा आणि नंतरचा परिच्छेदही जोडून वाचा. या तीन वाचनांना दहा मिनिटे लागतात. इथे घाई केली तर पुढचे सगळे आपल्या मनाचे खेळ होतात.

नंतर वहीत लिहा: दिसलेल्या तीन गोष्टी, न समजलेली एक गोष्ट आणि देवाविषयी कळलेले एक वाक्य. मग उताऱ्यातलेच शब्द घेऊन प्रार्थना करा. बोलून झाल्यावर दोन-तीन मिनिटे त्याच्या सान्निध्यात नुसते बसून राहा. १२व्या शतकातल्या दुसरा गिगो या कार्थुझियन संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि देवाच्या सान्निध्यातली ही स्तब्धता अशा चार पायऱ्या सांगितल्या होत्या. आज निरनिराळ्या मंडळ्यांत शिकवल्या जाणाऱ्या अनेक पद्धतींची मांडणी याच्याशी जुळते.

एक उतारा जवळून: मार्क १०:४६–५२

बार्तीमय या आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट बहुतेकांना पाठ असते, त्यामुळे ती न पाहताच वाचली जाते. पेन्सिल घेऊन बसल्यावर काय काय दिसते ते पाहू.

सुरुवातीला बार्तीमय वाटेच्या कडेला बसलेला आहे आणि शेवटी तो वाटेने येशूच्या मागे चालला आहे. सात वचनांत त्याची जागा बदलली. ती वाट कुठे जाते हे ११:१ मध्ये लगेच कळते: यरुशलेमकडे, म्हणजे वधस्तंभाकडे.

लोकसमुदाय आधी त्याला गप्प राहा म्हणून दटावतो. येशू थांबून ‘त्याला बोलवा’ म्हणताच तेच लोक त्याला ‘धीर धर, ऊठ’ असे म्हणू लागतात. मधल्या काळात बदलले काय, तर येशू थांबला. या उताऱ्यात तो स्वतः आंधळ्याजवळ जात नाही, आतापर्यंत अडवणाऱ्यांनाच बोलावण्याचे काम देतो.

बार्तीमय आपले वस्त्र टाकून उठतो. हा तपशील मार्काने का नोंदवला असेल? त्याच अध्यायात १७ ते २२ मध्ये एक श्रीमंत मनुष्य भेटतो. त्याला सगळे विकून मागे यायला सांगितले जाते आणि तो खिन्न होऊन निघून जातो. ज्याच्याजवळ पुष्कळ होते त्याला ते सोडवले नाही, आणि भिकाऱ्याने जवळ होते ते बाजूला टाकले. मार्क हे उघड जोडून सांगत नाही, पण दोन्ही प्रसंग एकाच अध्यायात ठेवतो.

आता येशूचा प्रश्न: मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? हाच प्रश्न त्याने काही वचने आधी, १०:३६ मध्ये, याकोब आणि योहान यांना विचारला होता. त्यांनी गौरवात उजवीडावीकडच्या जागा मागितल्या. बार्तीमयाने दृष्टी मागितली. तिसऱ्या वाचनात मागचा परिच्छेद जोडला नाही तर हे कधीच दिसत नाही, आणि उताऱ्याचे मर्म बरेचसे इथेच आहे. आणखी मागे गेलात तर ८:२२–२६ मध्ये बेथसैदा येथे एका आंधळ्याला टप्प्याटप्प्याने दृष्टी मिळते. त्या दोन आंधळ्यांच्या मधल्या भागात येशू तीनदा आपल्या मरणाविषयी सांगतो (८:३१, ९:३१, १०:३३–३४) आणि शिष्यांना तीनही वेळा ते उमगत नाही. डोळे असून न दिसणे हा या सगळ्या भागाचाच विषय आहे.

एवढे पाहून झाल्यावर ‘यात माझ्यासाठी काय?’ हा प्रश्न विचारावा. आता त्याला जमीन मिळते. माझ्या प्रार्थना जागा मागणाऱ्या आहेत की दृष्टी मागणाऱ्या? माझ्या आसपास कोणाला मी गप्प करतो आहे? ‘देवाने बार्तीमयाचे ऐकले, माझेही ऐकेल’ एवढ्यावर थांबणे चूक नाही, पण मग बाकीचे सगळे हातचे जाते.

साहित्यप्रकार बदलला की वाचनही बदलते

स्तोत्रे विचार म्हणून वाचू नयेत, प्रार्थना म्हणून मोठ्याने म्हणावीत. स्तोत्र १३ सहाच वचनांचे आहे. त्यात ‘किती काळ’ हा आक्रोश चारदा येतो आणि शेवट विश्वासाने व गायनाने होतो. स्तोत्र ८८ मात्र अंधारातच संपते. दोन्ही प्रार्थना देवाच्या वचनात आहेत, म्हणजे तक्रारही त्याच्यासमोर मांडता येते. शोकात असलेल्या घराला याचा फार आधार होतो.

पत्रे वाचताना युक्तिवादाचा धागा सोडू नये. रोमकरांस १२:१ ‘म्हणून’ ने सुरू होते. त्या ‘म्हणून’च्या मागे अकरा अध्यायांतली देवाची करुणा उभी आहे. ती वगळून पुढच्या आज्ञा वाचल्या तर त्यांचे नुसते ओझे होते.

नीतिसूत्रे ही सर्वसाधारण शहाणपणाची वचने आहेत, हमीपत्रे नव्हेत. हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण २२:६ (मुलाला योग्य मार्गाचे शिक्षण दे, म्हणजे तो म्हातारा झाला तरी त्यापासून फिरणार नाही) या वचनाने अनेक आईवडील वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत राहतात. मूल विश्वासापासून दूर गेले म्हणजे संगोपनात पाप झाले, असा निष्कर्ष या वचनातून निघत नाही.

वचने सुटी तोडल्याने होणारे नुकसान

यिर्मया २९:११ (तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत) भिंतीवर लावलेले असते. ते बाबेलमध्ये बंदिवासात असलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे. आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे आणि ५ ते ७ मध्ये त्याच परक्या शहरात घरे बांधा, बागा लावा, त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा असे सांगितले आहे. म्हणजे हे अभिवचन लवकर सुटका होईल असे सांगत नाही. लांबलेल्या काळातही देवाने सोडलेले नाही हे ते सांगते. आजारपणात किंवा नोकरी गेलेली असताना हा खरा अर्थच जास्त टिकतो.

फिलिप्पैकरांस ४:१३ चेही तसेच. ते परीक्षा किंवा स्पर्धा जिंकण्यासाठी वापरले जाते. ११ आणि १२ ही वचने जोडून वाचली की समजते, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल बंधनात असताना विपुलतेत आणि टंचाईत समाधानी राहण्याविषयी बोलतो आहे.

डोळे मिटून पान उघडायचे आणि बोट पडेल ते वचन देवाचा संदेश समजायचा, ही सवय सोडून द्यावी. ईयोबाच्या पुस्तकातली कित्येक देखणी वाक्ये त्याच्या मित्रांची आहेत आणि ४२:७ मध्ये देव त्या मित्रांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. बोट नेमके तिथेच पडले तर?

मदतीची साधने शेवटी घ्यावीत: आधी उतारा, मग समासातले संदर्भ, मग दुसरे एखादे भाषांतर, आणि त्यानंतरच टीकाग्रंथ (वचनांचे स्पष्टीकरण देणारी पुस्तके) किंवा प्रवचन. टीका आधी वाचली की आपले डोळे तिने दाखवलेलेच पाहतात. तरी एकट्याने काढलेल्या अर्थावर अडून बसू नये. बिरुया नगरातल्या लोकांनी पौलाचे बोलणेसुद्धा शास्त्रात रोज पडताळून पाहिले (प्रेषितांची कृत्ये १७:११). आपला नवा शोध पाळकांना किंवा अनुभवी विश्वासणाऱ्यांना दाखवायला काहीच हरकत नसावी.

कृती: लहान आणि ठरलेली

याकोब १:२२–२५ मध्ये नुसते ऐकणाऱ्याची तुलना आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्याशी केली आहे. ‘मी जास्त प्रेमळ होईन’ हा संकल्प संध्याकाळपर्यंत विरतो. ‘आज रात्री जेवणाआधी भावाला फोन करून त्या बोलण्याबद्दल क्षमा मागेन’ हा टिकतो, कारण त्यात माणूस, वेळ आणि काम ठरलेले आहे. वहीत ते एका ओळीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी झाले की नाही ते नोंदवा. प्रत्येक उताऱ्यातून काम निघालेच पाहिजे असेही नाही. काही उतारे फक्त उपकारस्तुतीकडे नेतात, तेव्हा तीच करावी.

घरच्यांसोबत

अनुवाद ६:७ मध्ये मुलांना शिकवण्याच्या चार वेळा सांगितल्या आहेत: घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजता आणि उठता. त्याच अध्यायात २०व्या वचनात मुलगा विचारतो की या आज्ञांचा अर्थ काय, आणि उत्तरात बाप नियम समजावत नाही. आम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) फारोचे दास होतो आणि परमेश्वराने आम्हाला बाहेर काढले, अशी देवाच्या कृत्यांची हकिकत सांगतो. घरातल्या वाचनाला हाच नमुना ठेवावा: मुलाच्या प्रश्नाला जागा, आणि उत्तरात देवाने काय केले ते.

एकूण वेळ १२ ते १५ मिनिटे. मुले रमली असताना थांबावे. वेगळी वेळ काढण्यापेक्षा रोज घडणाऱ्या गोष्टीला जोडावे, उदाहरणार्थ रात्रीचे जेवण झाल्यावर कोणी उठण्याआधी. आठवड्यातून चार दिवस नेमाने झाले तरी उत्तम सुरुवात आहे.

उतारा ६ ते १२ वचनांचा घ्या. वाचण्याआधी प्रसंग कुठला, बोलणारा कोण एवढे एका वाक्यात सांगा. बार्तीमयाचा उतारा असेल तर भूमिका वाटून द्या: एक जण निवेदन, एक बार्तीमय, एक येशू, आणि उरलेले सगळे लोकसमुदाय. ‘गप्प राहा’ म्हणणाऱ्यांनाच नंतर ‘ऊठ’ म्हणावे लागते तेव्हा मुलांना तो बदल न समजावता कळतो. मग पुस्तक मिटून सर्वांत लहानाला गोष्ट सांगू द्या, आणि बाकीच्यांनी सुटलेले जोडावे. त्यानंतर तीनच प्रश्न विचारा: येशू इथे कसा दिसला? माणसे कशी वागली? कोणाला काय समजले नाही? शेवटी ज्याची इच्छा असेल त्याने एका वाक्यात प्रार्थना करावी. गप्प राहणाऱ्याला गप्प राहू द्यावे.

पाच वर्षांखालच्या मुलांना तीन-चार मिनिटे पुरे, तेही हातवारे करून सांगितलेली गोष्ट. सहा ते अकरा वयात मुलांना पुन्हा सांगणे आणि चित्र काढणे आवडते. किशोरवयात मात्र उत्तर आधीच ठरलेले प्रश्न विचारणे बंद करावे, त्यांना ते लगेच कळते. त्यांची शंका मोडून काढू नका आणि आठवड्यातून एकदा उतारा निवडण्यापासून प्रार्थनेपर्यंत सगळे त्यांच्याकडे सोपवा. आजीआजोबा घरात असतील तर मोठ्या अक्षरांची प्रत आणा आणि वाचन त्यांना द्या. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, असे पौल लिहितो.

घरातली उपासना मोडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे तिचा रागवण्यासाठी होणारा वापर. दिवसभरातल्या चुकीवर बोट ठेवणारा उतारा मुद्दाम निवडला की मूल शास्त्रालाच घाबरू लागते. इफिसकरांस ६:१ मुलांना आज्ञा पाळायला सांगते, पण चौथे वचन बापांना सांगते की मुलांना चिरडीस आणू नका. दोन्ही वचने एकाच बैठकीत वाचावीत आणि दुसरे आधी स्वतःला लागू करावे.

आईवडिलांना उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ म्हणावे आणि प्रश्न कागदावर लिहून भिंतीवर लावावा. मग खरोखर शोधावे, कारण विसरलेला प्रश्न मुले लक्षात ठेवतात. उत्पत्ती ३४ किंवा शास्ते १९ यांसारखे हिंसेचे अध्याय मोठ्यांनी आधी वाचून वयानुसार ठरवावेत. जोडीदाराला रस नसेल तर जबरदस्ती करू नका. वाचन छोटे ठेवा आणि बसायचे की नाही हे त्याच्यावर सोडा.

पाठांतरासाठी एका आठवड्याला एकच वचन पुरते. स्तोत्र २३ सहा वचनांचे आहे, म्हणजे दीड महिन्यात पूर्ण घराला पाठ होते. रोज आधीची वचने म्हणून मग नवे जोडावे.

अडले तर

दिवस बुडाले तर साठलेले अध्याय भरून काढू नका. आजच्या उताऱ्यापासून सुरू करा. मागचे भरून काढायच्या नादात चौथ्या दिवशी सगळेच सुटते.

मन कोरडे असेल तेव्हा उतारा लहान करा, बैठक मोडू नका. स्तोत्र १३ किंवा ४२ मोठ्याने म्हणून उठलात तरी चालेल. काहींना उलट प्रत्येक वचनात आपल्यावरचा दोषच दिसू लागतो आणि वाचून उठल्यावर भीती वाढते. अशा वेळी एकट्याने वाचणे काही काळ थांबवून विश्वासातल्या माणसासोबत किंवा पाळकांसोबत वाचावे, आणि रोमकरांस ८ वा अध्याय हळूहळू, रोज चार-पाच वचने, असा घ्यावा.

मार्क संपल्यावर लगेच पुढच्या पुस्तकाकडे वळू नका. वहीत न समजलेल्या म्हणून लिहिलेल्या गोष्टी एका पानावर उतरवा आणि पुन्हा एकदा पूर्ण मार्क सलग मोठ्याने वाचा, या वेळी घरच्यांसोबत, अध्याय आळीपाळीने वाटून घेऊन. त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे पुढच्या अध्यायांतच सापडतात. उरलेल्या प्रश्नांवर खूण करून ते पान लूक सुरू करताना बायबलमध्ये ठेवा.